जिप्सीचा एक्झॉस्ट: गळती शोधण्यापासून नवा पाईप बसवेपर्यंत

इंदूरजवळच्या जानापाव, पातालपाणी किंवा चोरलच्या चिखलातून आलेली मारुती जिप्सी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली आणि बॉनेटखालून टिकटिक किंवा सीटखालून भर्रर्र ऐकू आले, की नवखा मालक थेट सायलेन्सर आणायला निघतो. बहुतेक वेळा सायलेन्सर धडधाकट असतो. गेलेले असते ते पुढच्या पाईपच्या फ्लँजमधले (बोल्टने जोडायच्या चपट्या कडेतले) फट बुजवणारे गॅस्केट, किंवा खुद्द पुढचा पाईपच. आणि तो का गेला हे न बघता नवा टाकला, तर पुढच्या पावसाळ्यात तोच पाईप त्याच जागी पुन्हा तडकतो.

आधी गाडीची ओळख पक्की करा, कारण जिप्सी म्हणजे एकच गाडी नव्हे. १९८५ पासूनची ९७० सीसीची एमजी ४१०, १९९६ पासूनची १३०० सीसीची जिप्सी किंग आणि २००० च्या आसपास आलेली १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), या तिघींचे एक्झॉस्ट एकमेकींना सरळ बसत नाहीत. एमपीएफआय गाडीत मॅनिफोल्डनंतर (इंजिनचा धूर एका पाईपात आणणारा भाग) ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत बहुधा नुसता पाईप. महूच्या बाजूने लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी इंदुरात बऱ्याच येतात. त्यांच्यात आरसी बुकवर एक आणि बॉनेटखाली दुसरेच इंजिन असेही निघते. म्हणून कागदावर न जाता बॉनेट उघडून इंजिन डोळ्यांनी बघा, आणि चेसिस क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गळती नेमकी कुठे

तपासायची वेळ सकाळची, गाडी रात्रभर थंड पडलेली असताना, आणि जागा उघडी. बंद पार्किंगमध्ये हे काम नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोके जड होऊन मळमळायला लागेपर्यंत बराचसा वायू छातीत गेलेला असतो. कापडी हूडच्या जिप्सीत हा धोका चालत्या गाडीतही आहे, कारण मागचा पडदा उघडा असला की गाडीमागची हवा आत ओढली जाते. एक्झॉस्ट गळत असेल तर मागचा पडदा उघडा आणि पुढच्या काचा बंद, अशी गाडी चालवू नका.

इंजिन सुरू करून आधी फक्त ऐका. थंडपणी येणारी आणि पाच-सात मिनिटांत विरणारी टिकटिक म्हणजे मॅनिफोल्ड किंवा त्याचे गॅस्केट. लोखंड तापून फुगते आणि फट मिटते, म्हणूनच दुपारी मेकॅनिककडे नेलेल्या गाडीत त्याला काहीच सापडत नाही. गाडी तापल्यावरही आवाज तसाच राहिला आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढला, तर फ्लँजपासून मागे शोधायचे.

दुसरी खूण काजळीची. जोडावर काळा-करडा, पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला की जागा सापडली. डाग नसेल तर जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याची घट्ट गुंडाळी टेल पाईपच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरा. एक्झॉस्ट घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडू पाहते. गळका असेल तर इंजिन चालूच राहते आणि फटीतून फुस्स आवाज येतो. तो नेमका कुठून येतो हे कळत नसेल, तर हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडांवरून फिरवा. पंखा आणि पट्टे मात्र सांभाळा. साबणाचे पाणी फक्त सुरुवातीच्या मिनिटभरात, पाईप हाताला सोसतो तेवढ्यातच उपयोगी पडते. त्यानंतर ते नुसते चर्र करून उडून जाते.

शेवटी इंजिन बंद करून, सगळे गार झाल्यावर, पेचकसाच्या मुठीने पाईप टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणकतो, सडलेला थप्प वाजतो. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आतून खडखड आली, तर आतली सिरॅमिकची जाळी फुटली आहे. तिचे तुकडे मागे जाऊन सायलेन्सर चोंदवतात, त्यामुळे तशा वेळी दोन्ही भाग बघावे लागतात.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या बारीक गळतीकडे ‘चालते हो’ म्हणून दुर्लक्ष करू नका. धक्क्या-धक्क्याने बाहेर पडणारा वायू मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. मायलेज पडते, प्लग काळे होतात, आणि मालक प्लग बदलत बसतो.

पाईप तिथेच का तुटला

हा भाग घाईत वगळला जातो, आणि सगळी मेख इथेच आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते, चेसिस आपल्या जागी असते, आणि एक्झॉस्टचे एक टोक इंजिनला तर बाकीचा भाग चेसिसला लटकलेला. हा झोका रबरी हँगरांनी झेलायचा असतो. एक हँगर तुटला की मागचे सगळे वजन पुढच्या फ्लँजवर येते आणि पाईप वेल्डिंगच्या कडेला तडकतो. म्हणून तडा फ्लँजला लागून, वेल्डच्या अगदी शेजारी आणि गोलाकार असेल, तर पाईपला दोष देण्याआधी हँगर आणि इंजिन माउंटिंग तपासा.

हँगर बोटांनी ताणून बघायचे. भेगा उघडल्या की बदलायचे, आणि एक बदलायचा तर सगळेच बदलायचे. एक नवा आणि तीन ढिले असले की ओढ वाकडी पडते. माउंटिंगसाठी बॉनेट उघडा, ब्रेक पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तसेच करा. दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून बघायचे. गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. इंजिन उशीसारखे हलके कलले तर ठीक, टुणकन उडाले तर माउंटिंग गेले.

पाईप मध्येच, खालच्या बाजूने जाळी पडल्यासारखा सडला असेल, तर कारण वेगळे. माळव्याची काळी माती ओली असताना उष्णता अडवणारी हीट शील्ड आणि पाईप यांच्या फटीत भरते आणि तिथेच बाटीसारखी भाजून निघते. वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून राहते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून जाते. राजवाडा ते पलासिया एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. ते पाणी आत साचते आणि पत्रा आतून खाते. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चाललेली गाडी याबाबतीत सुखी.

तापलेली गाडी एकदम नाल्यात घातल्यानेही नुकसान होते. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टरची जाळी, दोघांनाही हा फटका सोसत नाही. पाण्यात उतरण्याआधी दोन मिनिटे गाडी थांबवून ठेवायला काही बिघडत नाही.

माप आणि बाजार

जुना पाईप निघण्याआधीच जेवढी मापे मिळतील तेवढी घ्या. पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने. व्हर्निअर नसेल तर पाईपला दोऱ्याचा एक वेढा घ्या, दोरा सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १३२ मिमी भरला तर पाईप ४२ मिमीचा. गंज आणि माती आधी तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर दोन मिमी उगीच वाढतील. फ्लँजची भोके किती, आणि त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती, हे लिहून घ्या. फ्लँज सुटल्यावर त्यावर पुठ्ठा ठेवून कडेकडेने हातोडीने हलके ठोका: भोके आणि कडा पुठ्ठ्यावर उमटतात. वहीतल्या आकृतीपेक्षा हा पुठ्ठा दुकानात जास्त कामाला येतो. गॅस्केट चपटे आहे की डोनटसारखे गोल, हेही बघून ठेवा. दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, बसवले तर गळतात.

जिप्सीची सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. त्यामुळे काउंटरवर ‘जिप्सी का आगे का पाइप’ एवढे म्हणून भागत नाही. ‘कार्बोरेटर या एमपीएफआय?’ हा प्रश्न येणारच. पार्ट नंबर हाताशी असेल तर काम निम्मे होते. मारुतीच्या क्रमांकांत १४ ने सुरू होणारा गट एक्झॉस्टचा, तेव्हा कोणी भलत्याच गटाचा क्रमांक दाखवून ‘हाच आहे’ म्हणाला तर थांबा. छोटी ग्वालटोलीच्या ऑटो पार्टसच्या दुकानांत जुना नमुना हातात घेऊनच जा. नवा पाईप आणि जुना पाईप दुकानातच फरशीवर शेजारी-शेजारी ठेवा: दोन्ही फ्लँज एका पातळीत, हँगरचे हुक एकाच बाजूला, वाकण एका कोनात. घरी येऊन कळलेला दहा अंशांचा फरक पाना आणि पहारीने भरून काढायचा प्रयत्न कोणी करू नये. ओढून-ताणून बसवलेला पाईप पहिल्या दिवसापासून तुटायला लागलेला असतो.

नटबोल्ट सियागंजात मिळतात, पण इथे एक फसगत ठरलेली. जिप्सीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत १० मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतराचा) असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो १.५ चा. दोन आटे हाताने बसतात, तिसऱ्याला अडतो; तिथे पान्याने जोर लावला की आटे गेलेच. जुना नट बरोबर न्या आणि काउंटरवरच फिरवून बघा. ८ मिमीमध्ये ही भानगड नाही, दोन्हीकडे १.२५ च.

तयार पाईप मिळालाच नाही तर बनवून घ्यावा लागतो. साधा पत्रा स्वस्त, पण दोन पावसाळ्यांत सांगाडा होतो. शक्य असेल तर ३०४ स्टेनलेसचा, दीड मिमी जाडीचा पाईप घ्या. जुनी फ्लँज साध्या लोखंडाची असेल तर स्टेनलेसला जोडताना ३०९ ची फिलर रॉड वापरायला सांगा. साध्या रॉडने केलेला जोड वरून छान दिसतो आणि तापून-गार होऊन तडकतो. फ्लँज किमान ८ मिमी जाड हवी. पातळ फ्लँज उष्णतेने पापडासारखी वाकते. वाकणावर पाईप चपटा झालेला चालत नाही. गाडीवर जागेवरच टाके मारून घ्या, पूर्ण वेल्डिंग काढून टेबलावर करा. एमपीएफआय गाडीवर टाके मारण्याआधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर ईसीयू धोक्यात.

कन्व्हर्टर काढून तिथे नुसता पाईप घालून देणारे भेटतील. ते करू नका. पीयूसीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे वर जातात, आणि सायलेन्सरही काढून चालत नाही: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार चालू स्थितीतला सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवाच.

काढणे

लागतील ती हत्यारे: १२ आणि १४ चे रिंग पाने व गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, सेन्सरसाठी २२ चा पाना, तारेचा ब्रश, कानस, डोळ्यांच्या संरक्षणाचा गॉगल, दोन घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) आणि गंज सोडवणारे स्प्रे. गॉगल न घालता गाडीखाली झोपू नका. गंजाची खवली थेट डोळ्यात पडते.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. घाई असली तरी हा एक दिवस वाचवू नका.

गाडी सपाट सिमेंटवर उभी करा, फरशीवर किंवा मातीवर नको. ट्रान्सफर केसचा (फोर-व्हील ड्राइव्हच्या जोड गिअरपेटीचा) लिव्हर न्यूट्रलमध्ये नाही याची खात्री करा. तो न्यूट्रलला असला की पहिला गिअर टाकूनही गाडी मोकळी सुटते, आणि साध्या गाडीवरून जिप्सीकडे आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचला, पण झोपा ते चेसिसखाली घोड्या लावल्यावरच. विटा नकोत, वीट न कुरकुरता एकदम फुटते.

बॅटरीची ऋण वायर काढा. सेन्सरच्या वायरचा प्लग आधी वर सोडवा, मग सेन्सर काढा. वायरवर लटकू देऊ नका, फरशीवर आपटू देऊ नका. यानंतर मागून पुढे या: सायलेन्सरचा जोड सोडा, हँगर मात्र तसेच ठेवा म्हणजे वजन ते पेलतील. शेवटी मॅनिफोल्डखालची फ्लँज.

इथला नट अडला की नवखा माणूस पाना लांब करतो आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) तुटतो. त्याऐवजी आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, गंजाची पकड सुटल्याचा कर्र आवाज आला की मग सोडायच्या दिशेने. पाव फेरा मागे, अर्धा पुढे, मध्ये स्प्रे. तरीही हलला नाही तर नट गॅसने लाल करून, थोडा निवल्यावर फिरवावा लागतो. हे काम गॅस-कटर चालवणाऱ्याचेच, आणि फक्त पुढच्या टोकाला. मागे पेट्रोलची टाकी आहे, ब्रेकचे पाईप आहेत. आधी मारलेला स्प्रेही पेटतो, तो पुसून घ्यायला सांगा.

स्टड तुटलाच तर ‘ईझी-आउट’ने (तुटका स्टड उलटा फिरवून काढायच्या हत्याराने) सुरुवात करू नका. ते हत्यार कडक आणि ठिसूळ असते, आत तुटले की ड्रिलही त्याच्यापुढे हरते. तुटक्या स्टडचे टोक बाहेर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारणे सर्वांत खात्रीचे. वेल्डच्या उष्णतेने गंजही सैल होतो. टोक आतच राहिले असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून ड्रिल करावे लागते: ८ मिमीच्या आट्यासाठी ६.८ मिमी, १० × १.२५ साठी ८.८ मिमी. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे. तिथला मॅनिफोल्डचा स्टड असेल तर हा प्रयोग स्वतः करू नका. हात तिरका गेला की पुढे हेड उतरवावे लागते.

बसवणे

मॅनिफोल्डचा तळ कानशीने नव्हे, तारेच्या ब्रशने आणि ब्लेडने साफ करा. नंतर त्यावर सरळपट्टी ठेवून उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेडाची चीर दिसली तर तळ वाकला आहे, आणि कितीही महागडे गॅस्केट तिथे टिकणार नाही. गॅस्केट नवेच घ्या. जुने एकदा दाबले गेले की पुन्हा फुगत नाही. त्याला वरून पेस्ट लावायची नाही. पेस्ट लागते ती एकात एक शिरणाऱ्या पाईपच्या जोडाला, आणि तिथेही साधे सिलिकॉन नको. सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते.

हँगरच्या रबराला साबणाचे पाणी लावा, ते पटकन सरकतात. ऑइल किंवा ग्रीस लावले तर रबर फुगते.

आता क्रम: पुढचा पाईप, कन्व्हर्टर, सायलेन्सर, टेल पाईप असे सगळे अडकवा, पण प्रत्येक नट हाताने फिरेल तेवढाच आवळा. मग गाडीखालून मागे-पुढे बघा. पाईप आपल्या वजनाने, कुठेही न ओढता, सरळ लोंबला पाहिजे. प्रॉपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस, ब्रेकचे पाईप आणि वायरिंग यांच्यापासून किमान दोन बोटे, म्हणजे साधारण २५ मिमी, अंतर ठेवा. ऑफ-रोड गाडीत एवढ्यावर भागत नाही. मागचे एक चाक जॅकने वर दाबून आणि दुसरे सैल सोडून पुन्हा बघा: ॲक्सल वर आला की टेल पाईपला टेकतो का? गाडी उंच करणारे लिफ्ट किट बसवलेल्या गाड्यांत बहुधा इथेच घासते.

सगळे जागेवर आल्यावरच आवळणे सुरू करा, पुढून मागे. फ्लँजचे नट एकेक पूर्ण न आवळता फेऱ्यांत, थोडे-थोडे. ८ मिमीच्या नटाला २० ते २५ न्यूटन-मीटर, १० मिमीला ४० ते ५०. टॉर्क पाना नसेल तर कोणाकडून उसना आणा. ‘हाताचा अंदाज’ गंजलेल्या स्टडवर चालत नाही. सेन्सरच्या आट्यांना तांबड्या रंगाचे कॉपर ग्रीस अगदी पुसट, टोकाला मात्र नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे पांढरा धूर आणि जळका वास येईल. तो हाताच्या तेलाचा आणि स्प्रेचा. फडक्याची चाचणी पुन्हा करा. गार झाल्यावर सगळे नट एकदा तपासा, आणि पहिली १०० किलोमीटर किंवा पहिली चिखलवाट झाल्यावर आणखी एकदा. नवे गॅस्केट तापून बसते आणि नट सैल पडतात. तेवढी एक फेरी न मारल्याने निम्मी दुरुस्ती वाया जाते.

वाटेतच पाईप फुटला तर रंगाच्या किंवा तुपाच्या डब्याचा पत्रा कापून फटीवर दोन वेढे गुंडाळा आणि दोन जुबिली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्या) आवळा. कोल्ड्रिंकचा कॅन ॲल्युमिनियमचा, तो मॅनिफोल्डजवळ वितळतो. जस्ताचा पत्रा नको, तापल्यावर त्याचा धूर विषारी. तुटलेल्या हँगरच्या जागी जाड तार चालते, पण घरापर्यंतच. आणि तापलेला पाईप खाली असताना वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका. मार्च-एप्रिलमध्ये जानापावच्या उतारावर ठिणगीचीही गरज नसते.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि मग हीट शील्डच्या फटीत पाण्याचा झोत मारा, माती धुऊन नितळ पाणी येईपर्यंत. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिमीचे एक भोक दिसेल. त्यातून सकाळी पाणी ठिबकते, थोडा धूरही येतो. ते कारखान्याने साचलेले पाणी निघून जायला ठेवलेले असते. वेल्डरने ‘हे पण बुजवून देतो’ म्हटले तर नको म्हणा, आणि वर्षातून एकदा त्यात तार घालून ते मोकळे करा.